रिंग वाजते, पण उचलल्यावर फोन मुका: काढूनही न निघणारा हेडफोन

नागपूरच्या महाल भागातल्या आत्याचा फोन यंदाच्या उन्हाळ्यात चारदा बिघडला आणि त्यातला तीनदा माझ्याकडे आला. तिने लावलेला फोन नव्हे, तिचा हँडसेटच. कापडी पिशवीत गुंडाळून, शेजारच्या पोट्ट्याच्या हाती. सोबत निरोप दरवेळी तोच: "रिंग तं वाजून राहिली, पण उचलला की समोरचा मुका होऊन जाते. तूच पाह्य."

चौथ्या दुरुस्तीनंतर तो या तक्रारीसाठी परत आला नाही. पहिल्या तीन खेपांत मी काय चुकत होतो आणि चौथ्या खेपेला काय सापडलं, ते लिहून ठेवतो. दोष तसा साधाच आहे. पण तो जातो, आठ दिवसांनी परत येतो, पुन्हा जातो, आणि या येण्याजाण्यात माणूस भलत्याच ठिकाणी पैसे घालून बसतो.

लक्षणं अशी. गाणं लावलं, व्हिडिओ लावला तर आवाज नाही. कॉल येतो तेव्हा रिंग मात्र खणखणीत. सकाळचा अलार्मही वाजतो. कॉल उचलला की कानाला काही ऐकू येत नाही, आणि कधी कधी आपलं बोलणं समोरच्याला जात नाही. स्पीकरचं बटण दाबलं की गाडी रुळावर. आणि वरच्या पट्टीत, घड्याळाच्या शेजारी, हेडफोनचं एवढंसं चित्र. खरा हेडफोन तर टेबलावर पडलेला.

हे सगळं एकत्र दिसलं तर स्पीकर गेलेला नाही, एवढं नक्की. हेडफोन लावलेला असला तरी अँड्रॉइड फोन रिंग आणि अलार्म सहसा बाहेरच्या स्पीकरवरही वाजवतो, नाहीतर हेडफोन उशाशी काढून झोपलेल्या माणसाला कॉल कळायचाच नाही. गाणी, व्हिडिओ आणि कॉलमधलं बोलणं मात्र तो हेडफोनकडे वळवतो. आपल्याकडे दुकानांत मोठ्या स्पीकरला "रिंगर" म्हणतात. "रिंगर बदलावा लागते" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या फोनवरून कॉल लावा आणि त्याच्यासमोर रिंग वाजवून दाखवा.

उघडण्याआधी सेटिंग

सगळ्यात आधी ब्लूटूथ बंद करा. हसू नका. ऑफिसातल्या एका मित्राच्या फोनचा जॅक मी अर्धा तास कोरत बसलो होतो, आणि त्याचे इअरबड खाली पार्किंगमध्ये, स्कूटीच्या डिक्कीत, डबीचं झाकण अर्धवट उघडं राहून फोनला जोडलेले. आवाज सगळा डिक्कीत चालला होता.

मग आवाजाचं बटण दाबून जो पट्टा उघडतो त्यात आवाज कुठे जातोय ते बघा; नव्या अँड्रॉइडमध्ये तिथेच "हा फोन" की आणखी काही, असं निवडता येतं. आवाज एकाच कानात येत असेल तर सेटिंगमधल्या सुलभता, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या भागात डाव्या-उजव्या आवाजाची एक सरकपट्टी असते. ती कोणाच्या तरी अंगठ्याने एका टोकाला गेलेली असते आणि दोष हेडफोनवर येतो.

यानंतर फोन एकदा बंद करून चालू करा. चालू होताना फोन जॅकची स्थिती नव्याने वाचतो. चित्र गेलं आणि कायमचं गेलं, तर कुठल्या तरी ॲपचा किंवा सिस्टीमचा गोंधळ होता, विषय संपला. चित्र गेलं आणि तासाभराने परत आलं, किंवा गेलंच नाही, तर पुढे वाचा. शंकेखातर सेफ मोडमध्येही चालवून पाहता येतो: पॉवरचा मेनू उघडा आणि "बंद करा"वर बोट दाबून धरा, बहुतेक फोन तिथे सेफ मोड विचारतात. त्यात बाहेरून टाकलेली ॲपं झोपलेली असतात. तिथेही चित्र दिसत असेल तर ॲपांची चौकशी थांबवा.

हे मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण दुसऱ्या खेपेला आत्याने परस्पर फोन सीताबर्डीच्या एका दुकानात दिला होता. तिथे साफ करून दीडशे रुपये घेतले, आणि वर "पुन्हा झालं तर सॉफ्टवेअर मारावं लागते" असं सांगितलं. सॉफ्टवेअर मारणं म्हणजे फोन पुसून कोरा करणं. तिच्या फोनमध्ये नातवाचे जन्मापासूनचे फोटो, आणि बॅकअप शून्य. सॉफ्टवेअरचा दोष ओळखायची माझी कसोटी सोपी आहे: हेडफोनचा प्लग आत-बाहेर केला, प्लग जरा फिरवला, जॅकजवळ फोन बोटाने दाबला, की चित्र येतं-जातं का? येत-जात असेल तर दोष तिथेच, लोखंडात. प्रोग्रामला बोटाचा दाब कळत नाही.

ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी सॅमसंगच्या डायलरवर *#०*# आणि शाओमी-रेडमीच्या डायलरवर *#*#६४८४#*#* टाकून पाहावं. बहुतेक मॉडेलांत तपासणीचा मेनू उघडतो आणि मोठा स्पीकर, कानाचा स्पीकर, माइक वेगवेगळे तपासता येतात. कॉलमध्ये माइकची शंका असेल तर त्याहून सोपं म्हणजे आवाज रेकॉर्ड करून ऐकणं. हेडफोन नसताना रेकॉर्डिंग कोरं येत असेल, तर फोन त्या नसलेल्या हँड्सफ्रीच्या माइककडे कान लावून बसलाय.

जॅकच्या तळाशी

मी वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. आमच्याकडे व्हॉल्व्ह उघडा की बंद, हे कंट्रोल रूममधला माणूस डोळ्यांनी पाहत नाही. व्हॉल्व्हवर एक लिमिट स्विच असतो, तो सांगतो ते खरं. त्या स्विचमध्ये पाणी शिरलं की व्हॉल्व्ह बंद असताना स्क्रीनवर उघडा दिसतो, आणि मग रात्री अडीच वाजता आम्हाला शिडी चढावी लागते. आत्याच्या फोनला तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, की हा आपलाच धंदा आहे. उगीच परका समजत होतो.

३.५ मिमीच्या जॅकमध्ये स्प्रिंगसारखी पाती असतात. हँड्सफ्रीच्या प्लगवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले चार पट्टे दिसतात: टोकाचा डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, तिसरा अर्थिंगचा, आणि मुळाशी असलेला माइकचा. माइक नसलेल्या साध्या हेडफोनला तीनच पट्टे. जॅकमध्ये प्रत्येक पट्ट्यासाठी एक पातं, आणि यांच्या पलीकडे आणखी एक पातं असतं, ज्यातून गाणं जात नाही की बोलणं. त्याचं काम एकच: प्लग आत आलाय की नाही, ते सांगणं. दुरुस्तीवाले त्याला डिटेक्ट पिन म्हणतात.

बऱ्याच फोनांत हे डिटेक्ट पातं मोकळं असतं आणि त्यावर थोडासा व्होल्टेज कायम ठेवलेला असतो. प्लग शिरला की त्याचं टोक हे पातं आणि डाव्या कानाचं पातं यांना जोडतं, व्होल्टेज खाली येतो, फोन म्हणतो "हेडफोन आला". काही फोनांत उलटं: पाती एरवी चिकटलेली, प्लग त्यांना दूर ढकलतो. पहिल्या प्रकारात दोन पात्यांमध्ये ओल किंवा क्षार आला की फोन फसतो. दुसऱ्या प्रकारात तळाशी दाबून बसलेला कापसाचा बोळा किंवा वाकलेलं पातं पुरतं. कसंही असो, फोन एका एवढ्याशा पात्याच्या साक्षीवर विश्वास ठेवतो.

जाता जाता: हा प्लग टेलिफोन एक्स्चेंजच्या ऑपरेटर बायांच्या हातातल्या प्लगचा धाकटा वंशज आहे. तो ६.३५ मिमीचा होता, गिटारच्या ॲम्प्लिफायरला आजही तोच लागतो. फोन कंपन्या त्याला आता निरोप देत सुटल्या आहेत, ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मध्येच दिला. आत्याच्या फोनमध्ये तो आहे आणि तिला तोच हवा, कारण पहाटे खंजिरी भजनं ऐकताना घरच्यांची झोपमोड होऊ द्यायची नसते, आणि ब्लूटूथवाले बोंडं तिच्या मते "कानातून पडून नालीत जाते".

कधी कधी फसवणूक आणखी मजेशीर होते. भजन आपोआप थांबतं, आवाज कमी-जास्त होतो, नाहीतर गूगल असिस्टंट न बोलावता येऊन उभा राहतो. हँड्सफ्रीच्या वायरवरची बटणं फोनला कळतात ती रेझिस्टन्सवरून. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापांत आवाज वाढवायचं बटण २४० ओहमचं, कमी करायचं ४७० ओहमचं, बोलून आज्ञा द्यायचं १३५ ओहमचं, आणि चालू-बंदचं म्हणजे थेट शॉर्ट. आता माइकच्या आणि अर्थिंगच्या पात्यामध्ये ओलसर मळ बसला, तर त्याचाही काहीतरी रेझिस्टन्स असतोच, आणि तो ओलीबरोबर बदलत राहतो. फोनला वाटतं कोणीतरी बटणं दाबतंय. आत्याच्या घरी यावर "फोनात काही तरी शिरलं" असं ठरलं होतं. शिरलं होतंच म्हणा.

कोरणं आणि धुणं

पहिल्या खेपेला मी जे केलं ते बहुतेकांना पुरेल, म्हणून पद्धत सांगतो. फोन पूर्ण बंद करा. दुसऱ्या फोनच्या टॉर्चने जॅकच्या आत बघा. खिशातला, पर्सच्या अस्तरातला कापूस वर्षानुवर्षं प्लगने ठोकून ठोकून तळाशी नमद्यासारखा घट्ट होतो. वरवर पाहणाऱ्याला तो जॅकचा तळच वाटतो. प्लग पूर्ण आत जाताना "टक" असा बसत नसेल आणि मुळाशी मिलिमीटरभर फट राहत असेल, तर बोळा आहेच असं समजा.

तो काढायला लाकडी टूथपिक घ्या, टोक जरा बोथट करून. सुई, सेफ्टी पिन, सिमची पिन नको. पातं एकदा वाकलं की स्प्रिंग मेली, आणि मग कुठलीही सफाई उपयोगाची नाही. औषधाच्या दुकानात दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश मिळतो, तो या कामाला जणू मुद्दाम बनवलाय. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते. सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, तिच्यात टाकीतलं पाणी आणि तेल असतं. कॅमेऱ्याच्या लेन्सवर मारायचा रबरी भोपू चालेल.

मग हँड्सफ्रीचा प्लग पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा, आत असताना थोडा फिरवा. पात्यांवरचा पातळ काळेपणा घासून जातो. यानेच काम झालं तर थांबा.

नाही झालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानांतल्या भाषेत आयपीए. ९९ टक्क्यांचं घ्या. ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणीच असतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाण्याबरोबर ग्लिसरीन असतं, ते आत चिकटून राहतं. थेंबभर ब्रशवर घेऊन, जॅकचं तोंड खाली करून फिरवायचं, ओतायचं नाही. ते पटकन पेट घेतं, म्हणून देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब. नंतर अर्धा तास फोन तसाच उपडा ठेवा. केसांचा ड्रायर नको, फोनच्या आतले गोंद सुटतात. आणि आपल्या गावात मे महिन्यात फोन "जरा वाळावा" म्हणून गच्चीवर ठेवायचा विचारही करू नका, बॅटरी फुगेल. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने तांदळाची पूड आत जाते, बाकी काही होत नाही.

मग परत का?

आता माझी चूक. तीनदा सफाई झाली: एकदा टूथपिकने मी, एकदा सीताबर्डीत, एकदा आयपीएने पुन्हा मी. तीनही वेळा फोन ठीक झाला, तीनही वेळा आठ-दहा दिवसांत बिघडला. मला वाटायचं, आत्या फोन पदराला बांधून फिरते, त्यामुळे कचरा जातो. तिला तसं बोललोही. ती म्हणाली, "पदराले नाही बांधत मी. काहीबी सांगतं."

चौथ्या खेपेला पोट्टा फोन देऊन गेला तेव्हा मी ड्यूटीवर होतो. फोन दिवसभर आमच्या मनीषनगरच्या घरी टेबलावर पडून राहिला. संध्याकाळी येऊन पाहतो तर चित्र गायब, आवाज उत्तम. कोणी हातही लावला नव्हता. तेव्हा कळलं की आधीच्या सफायांनीही कदाचित फोन बरा झाला नव्हता. तो माझ्याकडे येऊन नुसता वाळत होता. श्रेय मात्र मी टूथपिकला आणि आयपीएला देत होतो.

मी आत्याला विचारलं, "नेमका कधी बिघडते?"

"सकाळी. भजन लावतो तवाच. दुपारून कधी कधी आपला आपण बोलाले लागते."

दुपारून बरा होतो, हे तिने तीनदा सांगितलं नव्हतं, कारण मी तीनदा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालात गेलो. तिच्या मधल्या खोलीत खिडकीला कूलर, आणि खिडकीच्याच बाजूला, कूलरच्या तोंडापासून हातभर अंतरावर, चार्जिंगचा बोर्ड. फोन रात्रभर तिथे छोट्या फळीवर उभा, जॅकचं तोंड कूलरकडे. कूलरमध्ये बोअरिंगचं पाणी. ताट्यांवर, जाळीवर, अगदी खिडकीच्या गजांवरही पांढरे थर. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून तर कूलर चालतो. पण त्याच्या तोंडासमोरची हवा तशी नसते. ताट्या नीट बसलेल्या नसल्या की तो बारीक तुषारही फेकतो, आणि तुषारातलं पाणी उडून गेलं तरी क्षार मागे राहतो. फोनच्या जॅकमध्ये तेच होत होतं. रात्री ओल आली की क्षारातून विजेची गळती सुरू, फोनला हेडफोन दिसू लागतो. दुपारी कूलर बंद, खोली तापली, क्षार सुकला, हेडफोन गेला.

आयपीएने का भागलं नाही, तेही यातच आहे. आयपीए तेल, घामाचा चिकटपणा, बोटांचा मळ काढतं. क्षार त्यात फारसे विरघळत नाहीत. त्यांना पाणी लागतं, तेही स्वतः क्षार नसलेलं. वरून दिसायला जॅक चकाचक आणि पात्यांच्या मुळाशी मीठ तसंच. त्यात डिटेक्ट पात्यावर व्होल्टेज कायम असतो, फोन झोपलेला असला तरी. ओल, क्षार आणि व्होल्टेज एकत्र आले की धातू खायला सुरुवात होते, तांबं हिरवं पडतं, आणि तो हिरवा थर पुन्हा ओल धरून ठेवतो. एकदा तिथवर गेलं की फोन कूलरपासून हलवूनही पूर्ण सुटका होत नाही.

तुमच्याकडे कूलर नसेल तर आपापला ओलावा शोधा. जिममध्ये दंडाला बांधलेला फोन घाम पितो. पावसाळ्यात रेनकोटच्या आतल्या खिशात जी वाफ धरते ती पावसापेक्षा वाईट. रात्री उशाखाली ठेवून झोपणारेही आहेत. दोष किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, हे दोन दिवस कागदावर लिहा. मल्टिमीटरपेक्षा जास्त कळतं.

बोर्ड बदलताना

आत्याच्या फोनमध्ये जॅक खालच्या बाजूला, चार्जिंगच्या तोंडाशेजारी आहे. असा असेल तर नशीब चांगलं: बऱ्याच स्वस्त फोनांत जॅक, चार्जिंगचं तोंड आणि माइक एकाच छोट्या सब-बोर्डवर असतात, आणि तो पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. आख्खा सब-बोर्ड बदलला की झालं, सोल्डरचा टाका मारायचंही काम नाही. जॅक वरच्या बाजूला असेल तर तो मुख्य बोर्डावर टाक्याने बसवलेला असू शकतो, तिथे गरम हवेच्या मशीनचं आणि सवयीच्या हाताचं काम आहे. घरी करू नका.

मी बोर्ड काढून आधी धुवून पाहिला. गाड्यांच्या दुकानात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात ब्रश बुडवून घासला. बॅटरीचं ॲसिडही त्याच फळीवर असतं, लेबल वाचून घ्या. मग आयपीए, मग रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. हे फक्त सुटा काढलेल्या बोर्डाचं सांगतोय. जोडलेल्या फोनमध्ये पाण्याचा थेंबही घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर डिटेक्ट पात्याच्या मुळाशी हिरवा खड्डा. धुवून भागणार नव्हतं. नवा बोर्ड आणला, चारशेच्या आत काम झालं.

तुम्ही दुकानात बदलून घेणार असाल तर काउंटरवरून हलायच्या आधी चार गोष्टी पाहा. आवाज रेकॉर्ड करून ऐका, कारण माइक त्याच बोर्डावर आहे. तुमचाच चार्जर लावून फास्ट चार्जिंगची खूण येते का बघा; हलक्या नकली बोर्डांवर चार्जिंग होतं, पण गोगलगाईसारखं. नेटवर्कच्या दांड्या मोजा: अनेक फोनांत अँटेनाची केसासारखी वायर याच बोर्डावर टोपीसारखी बसते, ती नीट बसली नाही तर आवाज येईल आणि रेंज जाईल. आणि हँड्सफ्री लावून-काढून चित्र येतं-जातं का ते बघा, निदान पाचदा. फोन पाण्यापासून जपलेला म्हणून विकला गेला असेल, तर उघडल्यावर ते कवच पूर्वीसारखं राहत नाही, हेही धरून चाला.

वायरचा हेडफोन वापरतच नसाल तर जाणकार दुरुस्तीवाला डिटेक्टची लाइन तोडून किंवा पाती नेहमी जोडलेली असतात त्या प्रकारात बांधून देतो, म्हणजे फोनला हेडफोन कधी दिसतच नाही. स्वस्त आणि पक्का उपाय आहे. आत्याला तो चालणार नव्हता. आवाज जबरदस्तीने स्पीकरकडे वळवणारी ॲपंही मिळतात. गाण्यांपुरती ती बरी, पण नव्या अँड्रॉइडमध्ये कॉलवर त्यांचं फारसं चालत नाही. माझ्या मते ती दोन दिवसांची सोय आहे, त्याहून जास्त नाही. जॅकमध्ये घालायच्या रबरी टोप्या मिळतात, त्या मऊ आणि आखूड असतील तरच घ्या; कडक प्लास्टिकची लांब टोपी प्लगसारखीच डिटेक्ट पात्याला ढकलू शकते, आणि मग आपणच आणलेलं दुखणं शोधत बसावं लागतं.

फोन आता रात्री समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात असतो, एक्स्टेंशन ओढून. कूलर गेला, पावसाळा आला, ऑगस्ट सरला, चित्र दिसलं नाही.

पण मागच्या रविवारी आत्याने पुन्हा बोलावलं. या वेळी तक्रार वेगळी. "बुवाचा आवाजच नाही येऊन राहिला. खंजिरी वाजते, झांजा वाजतात, मागचे लोकं म्हणतात, अन् बुवा कुठं तरी विहिरीत बसल्यासारखा."

हे लक्षण तुमच्याकडे आलं तर घाबरू नका, मला ते फार आवडतं. रेकॉर्डिंगमध्ये मुख्य गायक बहुधा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. अर्थिंगचा पट्टा पात्याला टेकला नाही की कानांत दोन बाजूंमधला फरक तेवढा उरतो, आणि दोन्हींकडे सारखं असलेलं कटून जातं. म्हणून गायक गायब, बाजूची वाद्यं हजर. तपासायचं असेल तर हँड्सफ्रीचं मधलं बटण दाबून धरा. त्याने माइकची तार अर्थिंगला जोडली जाते, आणि तेवढ्यापुरता गायक परत येतो. तसा आला तर प्लग पूर्ण आत बसत नाहीये, किंवा फार जुन्या फोनसोबतचा हँड्सफ्री आहे, ज्यात माइकचा आणि अर्थिंगचा पट्टा आजच्या उलट लावलेला असायचा.

बटण दाबलं. बुवा आले. सोडलं, गेले. नवा बोर्ड खराब निघाला की काय, म्हणून पोटात गोळा. मग फोन उलटा केला. आत्याने नवं कव्हर घातलं होतं, जाड, फुलाफुलांचं, महालातच रस्त्यावर घेतलेलं. त्याचं जॅकचं भोक इतकं अरुंद की प्लगची रबरी मान कव्हरलाच अडत होती, आत मिलिमीटरभर कमी.

ब्लेडने भोक कापून मोठं केलं. प्लग "टक" करून बसला. आत्याने कानात घालून पाहिलं आणि मान डोलवायला लागली, म्हणजे बुवा आले असणार. मग कव्हरकडे बघून म्हणाली, "फूल कापलं ना तू."